शिवलेल्या बाह्या

मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात पुष्पाबाई काय करते असं विचारलं तर लोक म्हणतील, "लेकरं राखते." म्हणताना मान जराशी उडवतील, म्हणजे त्यात काय मोठंसं. बावीस वर्षं ही बाई रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून दुसऱ्यांची पोरं सांभाळत आली. बावीस वर्षांत एकही पोर पाण्यात गेलं नाही, एकालाही विंचू चावला नाही. पण जे घडलंच नाही त्याचं कौतुक करायला कोणाला फुरसत असते?

रोवणी म्हणजे धानाची लावणी. बाया सकाळपासून बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलात वाकून पऱ्हे, धानाची रोपं, रोवत पुढं सरकतात आणि त्यांची अंगावर पिणारी लेकरं धुऱ्यावरच्या आंब्याखाली एका बाईच्या हवाली असतात. इकडं पाण्याचं इंजिन धडधडतं, तिकडं चिखल करणारा ट्रॅक्टर गुरगुरतो. अशात लेकराला भूक लागली तर आईला कसं कळावं? इतर ठिकाणी राखणारी बाई घसा फोडून ओरडते. पुष्पाबाई ओरडत नाही, कारण तिच्या राखणीतली लेकरं आपलं आपण सांगतात.

ती त्यांना हात शिकवते. तिचा शब्दच तो: दुधाचा हात, पाण्याचा हात. मूठ उघडायची, मिटायची, गाय दोहताना करतो तशी, की दूध. अंगठा ओठाला टेकवला की पाणी. दोन्ही पंजे पालथे केले की झालं, पुरे. आणि जिथं दुखत असेल तिथं मूठ ठेवून पिरगाळली, की इथं दुखतं. सात-आठ महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन ती पाजायच्या वेळी, भरवायच्या वेळी हे हात करत राहते, न कंटाळता, आणि दोनेक महिन्यांत पोर ते परत करू लागतं. ज्याला अजून धड 'आई' म्हणता येत नाही ते धुऱ्यावर बसून मूठ उघडमीट करतं, आणि पार त्या टोकाला वाकलेली त्याची आई कंबर सरळ करताना ते पाहते आणि पाय धुवून वर येते. बायांना याची इतकी सवय झाली होती की त्यात काही अक्कल आहे हेच त्या विसरून गेल्या होत्या.

हे हात मुळात पुष्पाबाईचे नव्हेत. ते तिच्या थोरल्या भावाचे, गोमाजीचे. गोमाजी जन्मापासून बहिरा. गावाची ढोरं राखायचा, म्हणून दुधाचा हात दोहण्याचा. त्याला शाळेत कोणी घातलं नाही आणि गावानं नावानं हाक मारली नाही. मुक्या म्हणायचे. घरात मात्र आईबाप आणि पुष्पा त्याच्याशी तास न् तास बोलायचे, भांडायचेसुद्धा. मग पुष्पा लग्न होऊन या गावी आली, आईबाप एकामागून एक गेले, आणि गोमाजीचं बोलणं समजणारं तिकडं कोणी उरलं नाही. एका उन्हाळ्यात त्याचं पोट दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. तो उजव्या कुशीखाली मूठ ठेवून पिरगाळत राहिला, पुन्हा पुन्हा, सगळ्यांना दाखवत. तिथल्या माणसाला वाटलं, पिऊन आला आहे. बाकावर निजवून ठेवला. अपेंडिक्स फुटलं आणि गोमाजी दुसऱ्या दिवशी गेला.

भाऊ गेल्याचं दुःख पुष्पाबाईनं गिळलं. पण तो सांगत होता, अगदी धडधडीत सांगत होता, आणि समोरची माणसं त्याच्या तोंडाकडं पाहत बसली, हे तिच्या घशाखाली आजतागायत उतरलेलं नाही. म्हणून लेकरांना ती दुधाच्याही आधी दुखण्याचा हात शिकवते.

गेल्या पावसाळ्यात भैय्यालालच्या बांध्यांची रोवणी चालली होती. भैय्यालाल म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. धानाचा व्यापार, तुमसरच्या राइस मिलवाल्यांमध्ये ऊठबस, चारचौघांत शब्दाला मान. मुलगा कमलेश बापाच्या शब्दाबाहेर नाही. सून राखी मात्र कामाची. घरी शिलाईमशीन चालवायची आणि रोवणीला मजूर बायांबरोबर स्वतः चिखलात उतरायची. तिची टीना तेव्हा दीड वर्षाची होती, पुष्पाबाईच्या राखणीत.

टीना हातांत सगळ्या लेकरांच्या पुढं होती. शिकवलेले हात तर करायचीच, पण स्वतःचेही काढायची. बांधीत बगळा उतरला की दोन बोटं चोचीसारखी पुढं करून पुष्पाबाईचा पदर ओढायची. पुष्पाबाईला आधी कौतुक वाटलं. मग एक दिवस ट्रॅक्टरवाल्यानं अगदी जवळ येऊन भोंगा वाजवला. सहा लेकरं दचकली, त्यातली दोन रडायला लागली. टीना मान खाली घालून चिखलाचे गोळे करत राहिली. दुसऱ्या दिवशी पुष्पाबाईनं तिच्या पाठीमागं बसून ताट वाजवलं. काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाजवलं, कारण असली गोष्ट एकदा पाहून तोंडातून काढायची नसते.

मग दुपारच्या सुट्टीत तिनं राखीला बाजूला घेतलं.

"राखी, मले वाटते पोरीले ऐकू येत नाही. भंडाऱ्याले कानाच्या डॉक्टरले दाखव. रोवणी होत राहीन, तू उद्याच जाय."

"असं कसं म्हणता मावशी? हाक मारली का पाहते न थे."

"माहे हात हालले का पाहते. तू पाठीमागून हाक मारून पाह्य."

राखीनं मारून पाहिली. चारदा मारली. पोरीनं वळून पाहिलं नाही. त्या संध्याकाळी तिनं घरी जाऊन सासऱ्याला सांगितलं.

भैय्यालालनं काय करायला हवं होतं? गाडी घरात होती, भंडारा काही परदेशात नाही. पण त्यानं आधी घराण्याचा विचार केला. आमच्या सात पिढ्यांत कोणी बहिरं नाही, तर ही कशी असेल? बरं, मग पोरगी बोलत का नाही? त्याचं उत्तर त्याला हाताशीच सापडलं. पुष्पाबाई मुक्याची बहीण, ती मुक्याचे हात लेकरांना लावते. हातानं काम भागत असेल तर पोरगी तोंड कशाला उघडेल? हिशेब चोख होता. फक्त त्यात पोरीच्या कानांना कुठं जागा नव्हती.

दोन दिवसांनी त्यानं सगळ्या बायांना आपल्या अंगणात बोलावलं. पुष्पाबाईही गेली.

"पुष्पाबाई, तुमचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही," भैय्यालाल गोड आवाजात म्हणाला. "पण लेकरं मुकी करून राहिले तुम्ही. आतापासून धुऱ्यावर दुसरी बाई बसन."

"बसू द्या. पण पोरीच्या कानाचं काय?"

"कान आहेत न तिले. दोन आहेत."

लोक हसले. पुष्पाबाईनं बायांकडं पाहिलं. इतक्या वर्षांत यांची साठ-सत्तर पोरं तिच्या मांडीवरून गेली होती. त्यातला मनिष तुमसरला मोबाइलच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचं डोकं खातो. अंगणवाडीच्या रीताची पोरगी शाळेत पंधरा ऑगस्टला माइक सोडत नाही. यातलं कोणतं पोर मुकं राहिलं, एवढं एक वाक्य कोणी तरी बोलायला हवं होतं. रीता तिथंच उभी होती आणि मोबाइलमध्ये पाहत होती. बाकीच्यांना उद्या भैय्यालालच्याच बांधीत कामाला जायचं होतं. पुष्पाबाईला हे कळत होतं, आणि कळूनही तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

ती घरी आली आणि चूल पेटवायच्या निमित्तानं एक अख्खी काटकी तुकडे तुकडे करत बसली.

पुढं जे झालं ते याहून वाईट होतं. भैय्यालालनं फर्मावलं की पोरीचे हात बंद करा, आपोआप तोंड उघडेल. टीनानं हात उचलला की तो त्यावर चापटी मारायचा. जोरात नाही, पण न चुकता. तेवढ्यानं भागेना, तेव्हा त्यानं राखीला लांब बाह्यांचे फ्रॉक शिवायला लावले आणि बाह्यांची तोंडं टाचायला लावली. त्याच मशीनवर राखीनं स्वतःच्या पोरीचे हात कापडात शिवून टाकले. सकाळ-संध्याकाळ वेखंड उगाळून मधात कालवून जिभेवर चोळणं चालू झालं. वेखंडानं जीभ सुटते असं सगळेच मानतात. सुटतही असेल. पण जीभ अडकलेली नव्हतीच.

पुष्पाबाईनं ते बोअरिंगजवळ पाहिलं. टीना राखीच्या मागून चालत आली, पायाखाली दगड आला, पडली आणि हनुवटीवर आपटली, कारण टेकायला पंजे मोकळे नव्हते. उठून पाहते तर समोर पुष्पाबाई. रडणं विसरून पोरीनं दोन्ही बाह्या वर केल्या. आत बोटं हलत होती. काय म्हणत होती कोणाला ठाऊक. कापडातून कळण्यासारखं नव्हतं.

"राखी, हे काय केलं बाई तू?"

"मामाजी म्हणतात म्हणून," राखी सासऱ्याचं नाव पुढं करत, खाली पाहत म्हणाली, आणि पोरीला पदराखाली घेऊन रिकामी घागर तशीच उचलून निघून गेली.

पुष्पाबाई कमलेशला गाठायला गेली. तो मोटरसायकलवर बसलेला होता. "बाबाले विचारा," म्हणाला आणि किक मारली. पोरीला आपणच बसमध्ये घालून भंडाऱ्याला न्यावं असंही तिच्या मनात दहादा आलं. पण दुसऱ्याचं लेकरू असं उचललं तर लोक पोलिसात देतील, आणि मग टीनाची बाजू घेणारं कोणीच उरणार नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. दिवाळीपर्यंत अकरा आठवडे झाले. पुष्पाबाई बोटांवर ते मोजत होती आणि प्रत्येक आठवड्याला तिचा राग एकेक बोट वर चढत होता.

दिवाळीच्या तोंडावर भैय्यालालच्या घरून निरोप आला, तांदूळ पाखडायला या. लेकरांना बिघडवणारे हात तांदळाला चालत होते. दुसरी कोणी असती तर गेली नसती. पुष्पाबाई गेली, कारण टीना दिसली असती.

घरी पाहुणे होते. भैय्यालालची मुलगी गुड्डी नागपूरहून भाऊबीजेला आली होती, तिचा अकरा महिन्यांचा अमर कडेवर. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, चार शेजारी बसलेले, सतरंजीवर टीना, आणि कडेला सूप घेऊन पुष्पाबाई. अमर किरकिर करायला लागला आणि एकदम त्यानं हात पुढं केला. मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली.

"पाहा बाबा," गुड्डी कौतुकानं म्हणाली, "दूध मागते थो. आमच्या इकडं क्लास आहे, दर रविवारी. बोलाच्या आधी लेकरांले हाताची भाषा शिकवतात. मॅडम फार हुशार आहेत."

भैय्यालालचा चेहरा फुलून आला. "वा रे माह्या वाघा. नागपुरात काय काय निघून राहिलं," म्हणत त्यानं शेजाऱ्यांना जवळ बोलावलं आणि नातवाकडून तीनदा मूठ उघडमीट करून घेतली. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्याही घरची पोरं हेच करत मोठी झाली होती, पण तेव्हा ते नागपूरहून आलेलं नव्हतं.

सतरंजीवर बसलेल्या टीनानं ती मूठ पाहिली. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा कोणी तरी तिच्याशी बोललं होतं. ती गुडघ्यांवर उभी राहिली, दोन्ही शिवलेल्या बाह्या अमरकडं धरल्या, आणि कापड आतून हलायला लागलं. उघडमीट, उघडमीट. भैय्यालालनं अमरवरची नजर न काढताच, सवयीनं, तिच्या बाहीवर चापटी मारली.

पुष्पाबाईनं सूप खाली ठेवलं. तांदूळ सांडले ते सांडले.

"भाऊ, हा आता मुका होईन का?" तिनं अमरकडं बोट केलं.

"थे शास्त्र आहे, पुष्पाबाई. शिकलेले लोक शिकवतात."

"थेच शास्त्र मी तुमच्या धुऱ्यावर बसून बावीस साल शिकवलं. तुमच्या कमलेशच्या बरोबरीची पोरं सोडली तर या गावात एक पोर नाही जे माह्या हातानं दूध मागत नव्हतं. माहं थे खूळ, आन् रविवारचं थे शास्त्र? बरं, राहू द्या माहं. या पोरीले ऐकू येत नाही हे मी ऑगस्टात सांगितलं. तुम्ही तिले डॉक्टर दाखवला नाही, तिचे हात शिवले."

गुड्डी बापाकडं, मग टीनाकडं पाहायला लागली. "मले वाटलं खाज-बीज झाली, म्हणून बाह्या बंद केल्या," ती हळूच म्हणाली. "बाबा, हे काय आहे?"

भैय्यालाल काही बोलायच्या आत राखी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात कापड कापायची मोठी कात्री होती. सतरंजीवर बसून तिनं टीनाची एक बाही कापली, मग दुसरी. आतले पंजे घामानं पांढरेफटक पडले होते, बोटांच्या बेचक्यांत कातडी निघाली होती.

"मामाजी, उद्या मी भंडाऱ्याले चालली," ती म्हणाली. "मावशीले घेऊन."

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं नागपूरला पाठवलं. तिथं पोरीला औषधानं झोपवून, डोक्याला तारा लावून तपासलं. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. यंत्र लावावं लागणार होतं, पुढं कदाचित ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शंका कधी आली?" राखीनं सांगितलं, ऑगस्टमध्ये. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं आणि राखीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, पोरीला हातानं बोलता येत असेल तर ते अजिबात बंद करू नका, शब्द पोचेपर्यंत तिच्याकडं तेवढंच आहे.

पण टीना हात करेना. पुष्पाबाई आता रोज भैय्यालालच्या घरी जाऊन तिच्यापुढं बसायची. दुधाचा हात, पाण्याचा, भाकरीचा, बगळ्याचा. पोरगी पाहत राहायची आणि तिचे हात मांडीवर पडून असायचे. भूक लागली तर रडायची, नाही तर गप्प. इकडं भैय्यालाल तुमसरला लोकांना सांगत होता की आमच्या लवकर ध्यानात आलं म्हणून बरं झालं. हे पुष्पाबाईच्या कानावर आलं तेव्हा तिनं हातातला पेला इतक्या जोरात ठेवला की त्याला पोचा आला.

बाराव्या दिवशी सकाळी ती ओसरीवर टीनासमोर बसली होती. भैय्यालाल पलीकडं खुर्चीत पेपर वाचत होता. टीनानं कोपऱ्यातल्या लोट्याकडं पाहिलं. हात थोडासा उचलला. मग खुर्चीकडं पाहिलं, आणि हात पटकन फ्रॉकच्या खाली गेला. फ्रॉकच्या आत एक छोटा अंगठा वर झाला आणि तिथंच कापडाआड थांबला.

पुष्पाबाई म्हणाली, "भाऊ, इकडं या. पेपर राहू द्या."

तो आला.

"हे पाहा. नात तुमची पाणी मागून राहिली. चोरून. तुम्हाले दिसू नये म्हणून फ्रॉकच्या आतून."

भैय्यालाल वाकून पाहत राहिला. त्या कापडाखालच्या अंगठ्यावरून त्याची नजर हलेना. मग घाईघाईनं त्यानं लोटा उचलला.

"असं नाही," पुष्पाबाई म्हणाली. "आधी विचारा तिले."

रस्त्यानं माणसं जात होती. शेजारचा केवळराम सायकल धरून फाटकाशी उभा होता. भैय्यालालनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, मग गुडघे टेकून खाली बसला आणि अंगठा आपल्या मिशीखाली, ओठाला टेकवला. टीना मागं सरकली. हा हात वर आला की चापटी बसते, एवढंच ती शिकली होती. भैय्यालालनं अंगठा तसाच ठेवला. बराच वेळ ठेवला. अखेर फ्रॉकची किनार हलली, हात बाहेर आला, उघड्यावर, आणि पोरीनं अंगठा ओठाला लावला. त्यानं लोटा तिच्या तोंडाशी धरला. निम्मं पाणी तिच्या गळ्यावरून फ्रॉकवर सांडलं.

भैय्यालालनं लोटा खाली ठेवला. "पुष्पाबाई, चुकलं माहं. माफ करा."

"मले कायले सांगता? तिले सांगा."

"तिले कसं सांगू? माफीचा हात कसा असते?"

पुष्पाबाईनं आठवून पाहिलं. गाईचा हात होता, पावसाचा होता, तापाचा, बाजाराचा, भाकरीचा, रागाचा होता. हा कधी कोणी केलेला तिला आठवेना.

"थो हात नाही आमच्यात," ती म्हणाली. "कोणी कधी मागितलीच नाही, म्हणून झालाच नाही. आता तुम्हीच बनवा. पोरगी पाहून राहिली."